बातमीत नुसतं ‘गुदमरून मृत्यू’ छापू नका, इंजिन चालू होतं का तेही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उभ्या गाडीत झोपलेली माणसं सकाळी मृतावस्थेत सापडली अशी बातमी आली की बहुतेक वेळा त्यात ‘गुदमरून मृत्यू’ असं असतं, आणि दर वेळी ते वाचून मला अस्वस्थ व्हायला होतं म्हणून आज लिहायला बसलोय. डॉक्टरांच्या भाषेत तो शब्द बरोबरही असेल, पण साधा वाचक त्यातून काय समजतो, तर काचा बंद होत्या आणि आतली हवा संपली. मग तोच माणूस पुढे कधी गाडीत झोपायची वेळ आली की काच बोटभर खाली करतो, एसी चालू ठेवतो आणि निर्धास्त झोपून जातो. बातमी वाचलेली असते, आणि तरी चूक नेमकी तीच होते.

गाडी काही हवाबंद डबा नसते हो. दाराच्या रबरातून, एसीच्या वाटेने, मागच्या भागातल्या झडपांमधून थोडी थोडी हवा ये-जा करतच असते. काचा पूर्ण लावल्या तर हवा कोंदट होते, आतून वाफ धरते, झोप नीट लागत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूच्या काचा थोड्या खाली ठेवाव्यातच. पण अशा घटनांमध्ये जीव घेतो तो बहुतेकदा चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे छाती व्यवस्थित वरखाली होत असते आणि तरी मेंदूला ऑक्सिजन पोचत नसतो. जागा माणूस निदान डोकं दुखतंय म्हणून उठेल, झोपलेल्याला ते कळणार कसं?

हे मी ऐकीव सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी मी आणि मोठा भाऊ रात्रीच्या प्रवासात होतो, दोघांचेही डोळे मिटायला लागले म्हणून गाडी एका मोकळ्या जागेत लावली, मागे भिंत होती, थंडी होती म्हणून हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि काच थोडी उघडी आहे ना मग काय होतंय म्हणून झोपलो. दीड-दोन तासांनी मला लघवीला जाग आली तर डोकं फुटेल इतकं दुखत होतं, मळमळत होतं, पायात जीवच नव्हता. दादाला हलवलं तर “झोपू दे रे” एवढंच पुटपुटला आणि परत मान टाकली. कसंबसं इंजिन बंद केलं, सगळी दारं उघडली, त्याला काखेत धरून बाहेर ओढला. दवाखान्यात नेईपर्यंत जवळचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर 98 दाखवत होता म्हणून मला वाटलं दादा ठीक आहे. डॉक्टरांनी सांगितलं की हे यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक ओळखतच नाही, त्यावर जाऊ नका, रक्त तपासावं लागतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला साधारण 4 ते 5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की तासा-दीड तासावर येतं. दादा वाचला. नंतर गाडी वर उचलून बघितली तर सायलेन्सरच्या पाइपचा जोड सैल झालेला आणि बाजूला काळी काजळी धरलेली, आणि आठवडाभरापूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं, तिथे कुणी खाली वाकून बघितलंच नव्हतं!

पाइप धडधाकट असला तरी धोका आहेच. मागे भिंत, बांध किंवा दाट झाडी असेल, पाइपचं तोंड चिखलाने, बर्फाने, पाल्याने अडलं असेल, शेजारची गाडी चालू असेल, वारा मागून येत असेल, तर धूर गाडीखाली साचतो आणि उघड्या काचेतूनच आत ओढला जातो. बंद गॅरेजमध्ये तर शटर वर केलेलं असलं तरी चालू गाडीत थांबू नये. एसी ‘आतली हवा फिरवा’वर ठेवला म्हणजे झालं असं काही जण सांगतात, त्यावर अजिबात विसंबू नका. हायब्रिड गाडीचं इंजिन बॅटरी उतरली की आपणहून सुरू होतं, ते झोपेत कळत नाही. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला धूरच नसल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. आणि गाडीत शेगडी, गॅस, कोळसे पेटवून ऊब घेणं म्हणजे तोच वायू हाताने आत आणणं, त्यापेक्षा जाड पांघरूण घ्या. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो उशापाशी ठेवावा, पण अलार्म आहे म्हणून इंजिन चालू ठेवायची मुभा मिळाली असं नाही.

ड्रायव्हरच्या सीटवर झोपूच नका. इंजिन चालू असेल तर झोपेत पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो, सायलेन्सर भयंकर तापतो आणि खाली वाळलं गवत असेल तर पेट घेतं. मागे झोपणार असाल तर आधी चाइल्ड लॉक बघा, तो लागलेला असेल तर मागचं दार आतून उघडत नाही, आणि काही गाड्या बाहेरून रिमोटने लॉक केल्या तर पुढचंही नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये किल्ली फिरवल्याशिवाय काचा खाली होत नाहीत, तेव्हा किल्ली रोज एकाच जागी, अंधारात हाताला लागेल अशी हवी.

जागेचं म्हणाल तर हायवेच्या कडेच्या पट्टीवर कधीच नाही, मागून येणाऱ्याला उभी गाडी चालती वाटते. ओढ्या-नदीच्या पात्रात नाही, पाऊस लांब डोंगरात पडला तरी पाणी रात्रीत येतं. उजेड आणि माणसांची ये-जा असलेली जागा, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे, दारं लॉक, आणि आपण कुठे थांबलोय ते घरच्या एकाला कळवलेलं. सकाळी ऊन कुठून येणार तेही रात्रीच बघून ठेवा, कारण उन्हात उभ्या गाडीत पहिल्या 10 मिनिटांतच तापमान साधारण 10 अंशांनी वाढतं आणि थोड्या उघड्या काचेने त्यात फारसा फरक पडत नाही, बरोबर लहान मूल असेल तर हे फार गंभीर आहे.

संपादक महोदय, आपल्या बातमीदारांना एवढंच सांगा की अशी घटना घडली की पोलिसांना दोन प्रश्न जास्तीचे विचारा: इंजिन चालू होतं का, आणि सायलेन्सर तपासला का. उत्तर मिळेल ते बातमीत पहिल्या दोन ओळींत छापा, खाली शेवटी नको, तिथपर्यंत सगळे वाचत नाहीत.

आपला,
एक नियमित वाचक