निकालात नाव नाही म्हणून…

सोलापूर

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पप्पा, कथास्पर्धेचा निकाल लागला, माझं नाव कुठंच नाही. आता स्पर्धेबिर्धेला लिहायचं नाही." तेवढ्यात तुझ्या आईनं फोन ओढून घेतला आणि विषय मेसच्या जेवणावर गेला. म्हणून हे पत्र. पोस्टात नोकरी करणाऱ्यानं पोरीला फोनवर समजावत बसणं बरंही दिसत नाही.

तू लिहिलेलं आम्हाला आवडतंच, मैत्रिणीही 'भारी' म्हणतात. पण आम्ही सगळे तुला ओळखतो. परीक्षक ओळखत नाही. त्याच्यापुढे फक्त तुझा कागद, आणि तो कागद ठरल्या तारखेच्या आत पोचलेला हवा. स्पर्धेतून मिळतं ते एवढंच: एक तारीख आणि एक अनोळखी वाचक. बाकी बक्षीस वगैरे ज्याच्या त्याच्या नशिबाचं.

आमच्या टपाल खात्याची 'ढाई आखर' ही पत्रलेखन स्पर्धा तुला माहीत आहे. पत्र हातानं लिहायचं, मराठीतही चालतं. अंतर्देशीयवर 500 शब्दांपर्यंत, पाकिटातून 1000 पर्यंत. 18 च्या आतले वेगळे, वरचे वेगळे, आणि वयाचं एक वाक्य स्वतःच लिहून द्यायचं. सर्कलचं, म्हणजे राज्यपातळीवरचं, पहिलं बक्षीस 25,000 रुपये, देशपातळीवर 50,000. त्या दिवसांत शाळांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात. बंद पत्र वाचायचा आपल्याला अधिकार नाही, पण एकदा विडी घरकुल वसाहतीकडचा एक पोरगा डिंकाच्या टेबलाशी उभा राहून लिहीत होता. लिहून झाल्यावर मलाच विचारतो, "काका, असलं लिहिलं तर चालतंय का? सरांनी फळ्यावर वेगळं लिहून दिलंय." वाच म्हटलं. त्याची आई दिवसभर विड्या वळते. माल द्यायला गेली की तिथला माणूस तिच्या विड्या हातानं चाळून काही बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. त्या दिवशी ती घरी आली की कुणाशी बोलत नाही, आधी पान कापायच्या कात्रीला धार लावते. पोरानं एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, चालतंय, टाक. पुढं काय झालं कळलं नाही, काउंटरवर निकाल येत नाहीत.

आता तुझी कथा. पहिलं पान मी दोनदा वाचलं. सूर्य पश्चिमेला कलला आहे, पाखरं घरट्याकडं निघाली आहेत, गार वारा सुटला आहे. बाई, सोलापुरात एप्रिलच्या संध्याकाळी गार वारा? परीक्षकानं असली पाखरं त्या गठ्ठ्यात किती वेळा मोजली असतील! पण तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत तू लिहिलंयस की गिरणी बंद झाली तरी आजी अजून भोंग्याच्या वेळेलाच उठते. खरी कथा आहे ती इथं. ती उठून काय करते, कुणाचा डबा भरायला हात जातो, आजोबांबद्दल काय बोलते आणि काय टाळते, हे तुला घरातल्या घरात माहीत आहे. ते सोडून तू सूर्यामागं गेलीस. आता कथा तिथून सुरू कर आणि दुसरीकडं पाठव. आधी मोठ्यानं वाच, जिथं जीभ अडखळेल तिथं काट मार.

एक मात्र सांभाळ. 'प्रवेश फी भरा, सहभागी झाल्याचं प्रमाणपत्र मिळवा, कविता छापलेलं पुस्तक सवलतीत घ्या' असल्यांच्या नादी लागू नकोस. तिथं सगळेच विजेते असतात, परीक्षकाला वाचायचं काही कारणच उरत नाही. पैसे पाठवायच्या आधी मला फोन कर.

आणि घाई कसली? साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 2011 पासून आहे, त्याला वयाची अट 35 ची. म्हणजे त्यांच्या हिशेबानं तू अजून बरीच वर्षं पोरसवदाच. आता आपल्या सोलापूरचे हुतात्मा कुर्बान हुसेन विशीत 'गझनफर' पत्र चालवत होते, त्यांना कुणी स्पर्धा लावली नव्हती, हेही खरं. पण तुला मला तारीख लागते, त्याशिवाय आपण पेन हातात धरत नाही. तुझ्या आईचं मत तेच आहे, फक्त ती ते माझ्याबद्दल जास्त बोलते.

धाकट्या ओमनं मात्र कंबर कसली आहे. जागतिक टपाल संघाची मुलांसाठीची पत्रलेखन स्पर्धा असते ना, 1971 पासून चालू आहे ती, 9 ते 15 वयाची. यंदा त्यात उतरायचं म्हणतो. तुझ्याकडून लिहून घ्यायचा त्याचा बेत आहे. तू फक्त ऐक, एक ओळही सांगू नकोस.

तुझे पप्पा