वागाडूगूची घोडेस्वार राजकन्या

महोदय,
आफ्रिकेची बातमी आपल्याकडे येते ती बहुतेक दुष्काळाची, नाहीतर लष्करी उठावाची. म्हणून बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडूगूत भरणाऱ्या ‘फेस्पाको’ या आफ्रिकी चित्रपट महोत्सवाबद्दल लिहावंसं वाटलं. १९६९ साली सुरू झालेला हा मेळा दर दोन वर्षांनी भरतो. सर्वोच्च पारितोषिकावर आहे हाती भाला घेतलेली घोडेस्वार राजकन्या येनेंगा, तिथल्या मोसी जमातीची मूळमाता. आफ्रिकी दिग्दर्शकाला शाबासकी केवळ पॅरिसहून नव्हे, आपल्याच माणसांकडूनही मिळते, हे मला फार मोलाचं वाटतं.

पोटापाण्याचाही प्रश्न आहेच. त्या आठवड्यात हॉटेलं, टॅक्सीवाले, खानावळी यांना काम मिळतं. ‘फासो दान फानी’ हे हातमागावरचं पट्ट्यापट्ट्यांचं सुती कापड खपतं. कापूस तिथलाच, विणणाऱ्या बहुतेक बायका. पिकवलेला कापूस गावातच विणला गेला तर काय होतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको!

अतिरेक्यांचा हिंसाचार चालू असतानाही २०२५ मध्ये महोत्सव झालाच. कान महोत्सवाला आपण पानंच्या पानं देता. पुढच्या खेपेला वागाडूगूला निदान एक स्तंभ द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, यवतमाळ