शिवाजी पार्कवरील त्या पंच महोदयांस

आदरणीय पंच महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात दादरच्या शिवाजी पार्कवर मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यात ज्या प्रशिक्षकाने आपल्याशी सर्वांसमक्ष हुज्जत घातली, तो मीच. सामन्यानंतर आपण मला दिलेल्या अर्ध्या तासाबद्दल आभार मानायचे तेव्हा राहून गेले.

एक बाद, पहिल्या व दुसऱ्या बेसवर आमच्या रनर. दुसऱ्या बेसच्या मागे चेंडू उंच उडाला, आपण ‘इन्फिल्ड फ्लाय’ (आतल्या फळीला सहज झेलता येणारा उंच चेंडू; झेल सुटला तरी बॅटर बाद) पुकारलात, बेसकडे परतणारी आमची मुलगी शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक) धडकली आणि झेल सुटला. आपण बॅटर आणि रनर दोघींनाही बाद दिलेत. तीन बाद होऊन आमची इनिंग तिथेच संपली. चेंडू आतल्या मातीच्या भागाबाहेर, गवतावर पडलेला असताना इन्फिल्ड फ्लाय कसला, असे मी तावातावाने विचारले होते.

नंतर आपण बुटाच्या टोकाने मातीत चौकोन काढलात. हा नियम नसता, तर शॉर्टस्टॉपने सोपा झेल मुद्दाम सोडून तिसऱ्या आणि दुसऱ्या बेसवर आमच्या दोघींना बाद केले असते, कारण झेलाच्या भीतीने त्या बेसजवळच अडकलेल्या असतात. बॅटरला आधीच बाद ठरवले की पुढे पळण्याची त्यांच्यावरची सक्ती संपते. प्रश्न माती की गवत हा नसून, आतल्या फळीतील एखादी खेळाडू तो झेल सहज घेऊ शकते का, एवढाच असतो. चेंडू सर्वोच्च बिंदूवर पोहोचेपर्यंत आपण थांबता आणि चेंडूऐवजी खेळाडूच्या पायांकडे पाहता. समुद्रावरून वारा असला, तर पाय उशिरा स्थिरावतात, हेही आपण सांगितलेत. (मी मात्र वीस वर्षे चेंडूकडेच पाहत आलो.)

अडथळ्याचा निर्णय अधिक कठीण होता. फटकावलेला चेंडू अडवणाऱ्या खेळाडूला रनरने अडथळा केला, तर तो हेतुपुरस्सर होता की नाही हे पाहिले जात नाही, हे मी मान्य केले. परंतु त्या चेंडूकडे प्रतिस्पर्धी संघाची दुसऱ्या बेसवरची क्षेत्ररक्षकही धावली होती. अशा वेळी पंचाला दोघींपैकी एकच निवडावी लागते, आणि झेल जिचा नाही तिनेच रनरची वाट अडवली, तर दोष उलट तिच्यावर येतो, हे मला आपल्याकडूनच कळले. नियम चुकीचा लावला असता, तर मला रीतसर आक्षेप घेता आला असता, पंचाच्या अंदाजावर मात्र नाही, हेही आपण न रागावता सांगितलेत.

आता आमच्या सरावात चेंडू उंच उडाला की रनर आधी झेल घेणारी खेळाडू शोधते आणि मग बेसकडे वळते. अडथळ्याचा निर्णय मला आजही किंचित खटकतो, कारण दुसऱ्या बेसवरची क्षेत्ररक्षक आपण म्हणालात तशी मागे हटली, हे माझ्या जागेवरून दिसले नव्हते. आपण मात्र तिच्यापासून काही पावलांवर उभे होता.

आपला नम्र,
एक शालेय प्रशिक्षक, मुंबई