थळच्या बोटीवरच्या तिघांना

गेल्या रविवारी आम्ही दोघं अलिबागजवळच्या थळहून खांदेरी बेटावर कयाकनं गेलो होतो. सकाळी पाणी अगदी ताटासारखं. 1679 मध्ये महाराजांनी बांधायला घेतलेला किल्ला, वेताळाचं दर्शन, वाजणाऱ्या दगडावर टकटक. निघायला दुपार झाली. चूक आमचीच. वाटेतल्या उंदेरी बेटाजवळ येईतो वायव्येचा वारा सुटला, मागून लाटा उठल्या आणि माझा मित्र कयाकसकट उलटा. लाइफ जॅकेट होतं, पण पुन्हा चढता येईना.

जाळी घेऊन परतणारी तुमची बोट तेव्हा वळली. तुम्ही आधी दोर टाकलात, मग शिव्या. (दोन्हींची गरज होती.) दोर बांधणाऱ्या तांडेलकाकांच्या बोटांना चिकटलेले मासळीचे खवले अजून डोळ्यांसमोर आहेत. किनाऱ्यावर पैसे पुढे केले तर म्हणालात, "ते ठेव. वारा बघून निघत जा."

नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार.

आणि सुकट वाळवणाऱ्या मावशी, कोऱ्या चहाबद्दल तुमचेही. निळ्या पट्ट्यांचा टॉवेल धुऊन ठेवलाय, येत्या रविवारी आणून देतो.