जुन्या तसबिरी ऑनलाइन विकताना पाठही दाखवा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या तसबिरी खाली उतरतात आणि आठवडाभरात इन्स्टाग्राम, फेसबुकवर जाहिराती झळकू लागतात : 'ओरिजिनल राजा रविवर्मा, १०० वर्षे जुने, भावासाठी मेसेज करा.' सोबत फोटो एकच. समोरून, काचेसकट, आणि काचेत घरातली ट्यूबलाइट. एवढ्यावरून चित्रात लक्ष्मी आहे की सरस्वती हे कळते. कागद कधीचा, छपाई कुणाची, हे मात्र कळत नाही, आणि किंमत तर त्याचीच असते.

यात 'ओरिजिनल' हा शब्द सगळ्यात फसवा. रविवर्मांनी हाताने रंगवलेले तैलचित्र ओरिजिनल, त्यांच्या छापखान्यातला जुना ओलिओग्राफ (दगडावरून रंगीत छापलेले, तैलचित्रासारखे दिसणारे चित्र, म्हणजेच शिळाछाप) ओरिजिनल, आणि गेल्या वीस वर्षांतले ऑफसेटवर छापलेले पोस्टरही विकणाऱ्याच्या लेखी ओरिजिनलच. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, छपाई मात्र नंतरही कित्येक वर्षे चालू होती. त्यामुळे तीच लक्ष्मी १९००च्या आसपासची असू शकते, तशीच १९३०चीही. चित्रात सहीजवळ साल दिसते ते मूळ चित्राचे, छपाईचे नव्हे. जाहिरातींमध्ये सर्वात जास्त होणारी चूक हीच.

छपाईचा अंदाज देते ती खालच्या समासातली बारीक ओळ. तिथे छापखान्याचे नाव आणि गाव असते. मुंबई असेल तर सहसा आधीची छपाई, मळवली-लोणावळा किंवा कार्ला असेल तर नंतरची. दुर्दैवाने जुन्या फ्रेमवाल्यांनी चौकटीत बसवण्यासाठी नेमका हाच समास कापलेला असतो. ओळ असेल तर तिचा जवळून घेतलेला फोटो द्या. नसेल तर 'समास कापलेला' असे स्पष्ट लिहा. कापलेला समास हा गुन्हा नाही, पण लपवलेला असला की भांडण ठरलेले.

ओळ नसली तर सोनाराकडे असते तसले दहापट भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यामुळे वाळूसारखे वेडेवाकडे, लहानमोठे दाणे एकमेकांवर चढलेले दिसतात. ऑफसेटमध्ये ठिपके शिस्तीत, चाळणीतून पडल्यासारखे आणि जागोजाग छोट्या फुलांसारखे गोल जमलेले. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरले तरी हा फोटो निघतो आणि एका फोटोत निम्मे वाद मिटतात. दुसरी चाचणी अतिनील टॉर्चची, ३६५ नॅनोमीटरची. अंधारात कागदाच्या पाठीवर पाडा. साधारण १९५०नंतरच्या कागदात पांढरेपणासाठी रसायन घालू लागले. तो कागद निळसर पांढरा चमकतो. पुढच्या बाजूने ही चाचणी करू नका, कारण जुने व्हार्निशही चमकते. कागद न चमकणे म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे, चमकला तर मात्र '१९०५ची छपाई' हे विसरा. काही पुनर्मुद्रणांत कॅनव्हासचा पोतही दाबून उठवलेला नसतो, नुसता छापलेला असतो. टॉर्च बाजूने जवळजवळ आडवा धरला की खरा उठाव सावली टाकतो, छापलेला टाकत नाही.

तसबीर उघडताना घाई नको. मागच्या फळीचे खिळे गंजलेले असतात. पक्कडीने ओढले की चौकट चिरते. मुळात कागद काचेला चिकटला आहे का ते आधी पाहावे. दमटपणामुळे व्हार्निश काचेला धरते, आणि ओढले की देवीचा चेहरा काचेवर राहतो. असे असेल तर तसबीर तशीच ठेवून काचेसकट फोटो काढा आणि तसे नमूद करा. सोडवण्याचे काम कागद-संवर्धकाचे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. चित्रावर चिकटवलेली जरी, टिकल्या, कापड काढून 'स्वच्छ' करू नये. ती त्या काळच्या घरातल्या हातांची कारागिरी आहे, आणि संग्राहक तिच्यासाठी वेगळे पैसे देतात.

वर्णनात चित्राचे आणि कागदाचे माप वेगवेगळे, सेंटिमीटरमध्ये द्यावे. पाण्याचे डाग, कसरीने खाल्लेले कोपरे, घड्या, मागून चिकटवलेले कापड, सगळे लिहावे. फोटो ट्यूबखाली नव्हे, खिडकीपाशी, थेट ऊन नसताना काढावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. नाहीतर आकार घटतो आणि दाण्यांचा चिखल होतो. खरेदीदारानेही एक करावे : फोटोचा इंटरनेटवर उलट शोध घ्यावा, म्हणजे तो फोटोच टाकून तो आणखी कुठे आहे ते पाहावे. डाव्या कोपऱ्यातला तोच डाग दोन शहरांतल्या दोन जाहिरातींत दिसला तर किमान एकाकडे ते चित्र नाही. बिलावर 'रविवर्मा' एवढेच नको. 'रविवर्मांच्या चित्रावरून, ओलिओग्राफ, छपाई सुमारे अमुक साल' असे लिहून घ्यावे. भाव ठरवताना जाहिरातीत मागितलेला आकडा धरू नये, लिलावगृहांच्या संकेतस्थळांवरचे प्रत्यक्ष विक्रीचे आकडे पाहावेत, आणि त्यात लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते कमिशन धरले आहे का तेही.

आता कायदा. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकृती ही पुरावस्तू, आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते : १९२०ची छपाई दहा वर्षांपूर्वी मोकळी होती, आता नाही. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, दुकान मोबाइलमध्ये असले तरी. न्यू जर्सीतल्या भाचीला आजीची तसबीर कुरियरने पाठवणाऱ्यांना हे माहीत नसते. छपाई शंभर वर्षांच्या आतली असली तरी कस्टम्समध्ये अडू नये म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असे प्रमाणपत्र आधी घ्यावे.

देशातल्या देशात पाठवायचे तर काच काढून. ओलिओग्राफ गुंडाळी करून नळीत घालू नये, व्हार्निशला तडे जातात. आम्लरहित पातळ कागद, वरखाली कोरुगेटेडचे दोन-दोन पुठ्ठे, एकाच्या आतल्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, आणि पुठ्ठा चित्रापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर मोठा. चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला.

आपला,
जुन्या छापील चित्रांचा एक अभ्यासक, पुणे