म्युझिक व्हिडिओ करणाऱ्याचंही नाव छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नव्या गाण्यांवर येणारा मजकूर मी नेमाने वाचते. त्यात गायकाचं नाव असतं, कंपनीचं असतं, गाणं किती लाख वेळा पाहिलं गेलं तो आकडा असतो. व्हिडिओ कोणी दिग्दर्शित केला, हे मात्र शोधूनही सापडत नाही. रॅपचा विषय निघाला की मजकूर गाड्या, दागिने आणि भांडणं यांच्यापुढे जात नाही. मी व्हिडिओ एडिटिंगचं काम करते आणि स्वतंत्र, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरचं, हिप-हॉप मनापासून ऐकते, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

नवा व्हिडिओ मी आधी आवाज बंद करून पाहते. बरेचसे व्हिडिओ तिथेच संपतात. दर ठोक्याला एक कट मारलेला असतो आणि आवाज गेला की त्या कटांना काही अर्थच उरत नाही. मुका असतानाही जो धरून ठेवतो, तो मग हेडफोन लावून पुन्हा पुन्हा पाहायचा.

'फार्साइड' या लॉस एंजेलिसच्या रॅप गटाचा 'ड्रॉप' हा असा व्हिडिओ आहे. गाणं त्यांच्या 1995च्या अल्बममधलं, दिग्दर्शन स्पाइक जोन्झचं. शूटिंगच्या वेळी चौघेही रॅपर रस्त्यावरून मागे मागे चालले, सगळ्या ओळी उलट्या म्हणाले आणि नंतर ती फिल्म उलटी फिरवली. पडद्यावर ते सरळ चालताना दिसतात, ओठ शब्दांशी जुळतात, पण भोवतालच्या वस्तू विचित्र वागतात. ओळी उलट्या म्हणणं म्हणजे अक्षरं शेवटाकडून वाचणं नव्हे. 'का' उलटा केला तर आधी 'आ' येतो, मग 'क'. संपूर्ण गाण्याचं असं ध्वनींच्या पातळीवर उलटं रूप तयार करायला भाषातज्ज्ञाची मदत घेतली आणि चौघांनी ते पाठ केलं. मी तो व्हिडिओ माझ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पुन्हा उलटा चालवला. ऐकू आलं ते कुठल्याच भाषेत न बसणारं काहीतरी, पण चौघांचे चेहरे गाण्यात पुरते बुडालेले! एवढी मेहनत पाहून मला भरून आलं. आज ही करामत संगणकावर काही मिनिटांत होईल, असं कोणी म्हणेल. फिल्म उलटी फिरवणं होईल. ओठ कोण पाठ करणार?

दुसरं नाव 'मॅडव्हिलन'. रॅपर एमएफ डूम आणि बीट्स, म्हणजे रॅपखालचं संगीत, करणारा मॅडलिब, अशी ही जोडी. त्यांचा 2004चा अल्बम 'स्टोन्स थ्रो' या स्वतंत्र लेबलने काढला. मॅडलिबने त्यातले बरेचसे बीट्स ब्राझीलमध्ये हॉटेलच्या खोलीत केले. सोबत होता तो पोर्टेबल टर्नटेबल, लहानसा सॅम्पलर (रेकॉर्डमधले तुकडे उचलून वाजवणारं यंत्र) आणि तिथेच विकत घेतलेल्या रेकॉर्ड्स. 'ऑल कॅप्स' या गाण्याचा व्हिडिओ जेम्स राइटानो यांनी जुन्या कॉमिक्ससारखा केला आहे, चौकटी आणि शाईच्या जाड रेषांसकट. डूम लोकांसमोर धातूचा मुखवटा घालायचा. चेहरा न दाखवणाऱ्या कलावंताचा व्हिडिओ करायचा तर त्याला चित्रातला खलनायकच करून टाकावं, यापेक्षा नेमकं उत्तर मला सुचत नाही. त्याच्या ओळींत यमक फक्त शेवटी येत नाही, मध्येच तीन-चारदा येऊन जातं आणि चित्राची चौकटही तशीच अवचित उडी घेते. शब्द ऐकून कापलेला व्हिडिओ कसा असतो, ते इथे पाहावं.

'रन द ज्युएल्स' या रॅपर जोडीने आपला पहिला अल्बम 2013 साली मोफत डाउनलोडसाठी खुला केला. 2015 मधल्या त्यांच्या एका कृष्णधवल व्हिडिओत एक गोरा पोलिस आणि एक कृष्णवर्णीय तरुण झटापट करत राहतात. दोघांची शक्ती संपते, पाय लटपटतात, तरी कोणी सोडत नाही आणि कोणी जिंकतही नाही. दिग्दर्शक ए. जी. रोहास यांनी शॉट लांबू दिले आहेत. माझ्या हाताखाली तो आला असता, तर सवयीने मी कट मारला असता. तो न मारल्यामुळेच थकवा आपल्या अंगात उतरतो.

पैसा असला की कल्पना मरते, असं मात्र मी म्हणणार नाही. रॅपर मिसी एलियटचा, हाइप विल्यम्सने दिग्दर्शित केलेला 1997चा व्हिडिओ मोठ्या कंपनीचा होता. फुगवलेला चकचकीत काळा पोशाख आणि सगळं वाकवून टाकणारी फिशआय लेन्स, हे अजूनही डोळ्यांसमोर ताजं आहे. तरी माझा ओढा स्वतंत्र लेबलांकडेच आहे. चेहरा न दिसणारा व्हिडिओ, लांबत जाणारी झटापट, असल्या गोष्टी तिथे सहज खपून जातात.

वर चार दिग्दर्शकांची नावं लिहिली ती मुद्दाम. एमटीव्ही ही अमेरिकेतली संगीतवाहिनी 1981 साली सुरू झाली, पण पडद्यावर गाण्याची माहिती देणाऱ्या पट्टीत दिग्दर्शकाचं नाव 1992 पासून येऊ लागलं. त्यामुळे माझ्यासारख्या प्रेक्षकाला एका दिग्दर्शकाचं काम आवडलं की त्याचं पुढचं काम शोधता येऊ लागलं. आपल्या पुरवणीनेही एवढं करावं, अशी विनंती आहे. गाण्याची बातमी असो वा परीक्षण, दिग्दर्शक आणि एडिटर यांची नावं द्या; अॅनिमेशन असेल तर चित्रं काढणाऱ्याचंही. आणि महिन्यातून एकदा तरी स्वतंत्र लेबलच्या एखाद्या हिप-हॉप अल्बमवर, तो नीट ऐकलेल्या माणसाकडून लिहून घ्या. जागा अपुरी पडत असेल, तर किती लाख वेळा पाहिलं तो आकडा गाळला तरी चालेल.

आपली,
एक नियमित वाचक आणि व्हिडिओ एडिटर