अज्ञानाच्या ‘हिताची’ तडजोड : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

‘सदर तडजोड अज्ञान अर्जदाराच्या हिताची असल्याने परवानगी देण्यात येते.’ मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या आम्हा वकिलांना हे वाक्य पाठ आहे. (अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचं मूल.) लोकअदालतीच्या दिवशी तडजोड पुरसीस (विमा कंपनीशी तडजोड झाल्याचं लेखी निवेदन) टाइप होते, आई अ.पा.क. म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती म्हणून सही करते आणि खाली हे वाक्य येतं. हिताची म्हणजे कशी, ते बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

कायदा तसा ढिला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३२, नियम ७ म्हणतो की न्यायालयाने नोंदवलेल्या परवानगीशिवाय पालकाला मुलाच्या वतीने तडजोड करता येत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने पालकाचं शपथपत्र आणि वकिलाचा दाखलाही आला. आता ज्या वकिलाची फी त्याच रकमेतून निघायची, त्यानेच ती रक्कम योग्य असल्याचा दाखला द्यायचा! (आम्ही मंडळी काही साधुसंत नव्हे.) म्हणूनच तिथे पुढे स्पष्ट लिहिलंय, की दाखला असला तरी तडजोड हिताची आहे का, हे तपासायला न्यायालय मोकळं आहे.

तपासायचं कारण साधं आहे. मुलाची इजा मुलाबरोबर वाढते. गुडघ्याजवळ हाड जिथून वाढतं त्या पट्टीला मार बसला, तर आज एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं. पाय आखूड राहतोय हे कळायला काही वर्षं जावी लागतात. पाय गेलेल्या मुलाला कृत्रिम पाय एकदा बसवून भागत नाही, उंची वाढेल तसा तो बदलावा लागतो. आजवरच्या बिलांची बेरीज, वर थोडी रक्कम, की विमा कंपनीची फाइल बंद. त्या मुलाचा खर्च मात्र नुकता कुठे सुरू झालेला असतो. आईला पैसे आज हवे असतात, ती भांडत नाही. तिला दोष कसा द्यायचा? आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलही नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७६ नुसार हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या कार्यपद्धतीचे नियम राज्य शासन करू शकतं. फाइल परिवहन खात्यातून फिरून येईल, येऊ दे. अज्ञानाच्या तडजोडीच्या आदेशात पुढच्या उपचारांबद्दल तज्ज्ञ डॉक्टरांचं मत, वकिलाची फी, आईला तिच्या भाषेत काय विचारलं आणि ती काय म्हणाली, एवढं लिहिणं सक्तीचं करा. डॉक्टर ‘अजून सांगता येत नाही’ म्हणाले, तर तडजोड थांबवावी. निकाली प्रकरणांच्या आकड्यात एक कमी भरेल, एवढंच.

आणखी एक. मुलाची रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने तीन दशकांपूर्वीच सांगितलंय आणि ते बऱ्यापैकी पाळलंही जातं. पण अठरा पूर्ण झाल्यावर त्या मुलाला कळवायचं कोणी? आदेश रेकॉर्ड रूममध्ये, पावती बँकेत, अपघातात आई-वडील गेलेले असतील तर मूल आजोळी, वकिलाचा पत्ता नाही. परवानगी देणाऱ्या न्यायाधिकरणाच्या कार्यालयानेच अशा मुलाला त्याच्या नावाने पत्र पाठवावं. त्यासाठी नोंदवहीत जन्मतारखेचा आणि बदललेल्या पत्त्याचा रकाना लागेल. तोही याच नियमात घाला.

आपला,
मोटार अपघात दावे चालवणारा एक वकील